व्हिडिओ लावला की कॉम्प्युटर मान टाकतो: दोष नेमका कुठे आहे ते असं शोधा

गेम चार तास चालतो. शेकडो फोटो एका दमात प्रोसेस होतात. मशीन हूं का चूं करत नाही. आणि काम आटोपून निवांत टेकून एखादा व्हिडिओ लावला, की विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला स्क्रीन काळी. कधी आवाज ‘ट्र्र्र्र’ करत एकाच शब्दावर अडकतो, कधी मशीन काही न सांगता रीस्टार्ट होतं. यावर मिळणारे सल्ले ठरलेले आहेत: ड्रायव्हर अपडेट कर, नाहीतर ग्राफिक्स कार्ड गेलं, बदलून टाक. मी स्वतःच्या मशीनवर हे दोन्ही करून बसलो आणि दोन्ही वेळा चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. ती हकीकत पुढे येईलच.

खालचा क्रम विंडोज १० आणि ११ धरून लिहिला आहे. सुरुवातीच्या बहुतेक तपासण्यांना पैसा लागत नाही, फक्त चिकाटी लागते.

गेम चालतो म्हणजे हार्डवेअर ठणठणीत, हे खरं नाही

व्हिडिओ उलगडण्याचं काम, म्हणजे डिकोडिंग, हल्ली बहुतेक वेळा प्रोसेसर करत नाही. ग्राफिक्स चिपमध्येच त्यासाठी वेगळा कोपरा राखलेला असतो. इंटेलच्या चिपमध्ये तो क्विक सिंक, एनव्हिडियात एनव्हीडेक, एएमडीत व्हीसीएन. गेम या कोपऱ्याला जवळपास हात लावत नाही. त्यामुळे गेम तासन्‌तास चालला, तरी या भागाची किंवा त्याला हाकणाऱ्या ड्रायव्हरची परीक्षा झालेलीच नसते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. गेममध्ये चिप सलग जोरात धावते. व्हिडिओत ती सेकंदाला २४, ३० किंवा ६० वेळा जागी होते, एक फ्रेम तयार करते आणि पुन्हा डुलकी घेते. प्रोसेसरचंही तसंच. व्होल्टेज आणि वेग सतत खाली-वर होत राहतात. काही दोष फक्त या चढ-उतारातच बाहेर येतात, पूर्ण ताणाखाली कधीच दिसत नाहीत. त्यात भर म्हणून आवाजाचा ड्रायव्हर, डिस्क किंवा नेटवर्क आणि स्क्रीनवर चित्र चढवणारी यंत्रणा हे सगळे एकाच वेळी कामाला लागलेले असतात. साखळी लांब आहे. यातली नेमकी कुठली कडी तुटते ते शोधायचं आहे.

आधी, ‘क्रॅश’ म्हणजे नेमकं काय होतं?

‘बंद पडतो’ या एका शब्दात चार-पाच वेगळे आजार लपलेले असतात. फक्त प्लेअर किंवा ब्राउझर गळून पडतो आणि बाकी विंडोज शाबूत राहतं, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरमध्ये आहे: प्लेअर, एखादं एक्स्टेन्शन, जुना कोडेक पॅक (कोडेक म्हणजे व्हिडिओ आवळण्याची आणि उलगडण्याची पद्धत). स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते, तर ग्राफिक्स ड्रायव्हर गोठला होता आणि विंडोजने त्याला हलवून जागं केलं. व्हिस्टापासून विंडोजमध्ये ही सोय आहे. ग्राफिक्स चिपने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर ड्रायव्हर रीसेट होतो. पण मिनिटभरात हे पुन्हा पुन्हा घडलं, की विंडोजही हात टेकतं आणि निळी स्क्रीन दाखवतं.

निळी स्क्रीन ही खरं तर चांगली बातमी, कारण तिच्यासोबत कोड येतो. सगळ्यात छळणारे प्रकार उरलेले दोन. एक, सगळं जागच्या जागी थिजतं. दोन, प्लग उपटल्यासारखं मशीन एकदम बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं. या दुसऱ्या प्रकारात पॉवर आणि उष्णता यांच्यावर पहिला संशय घ्या.

मशीन थिजलं तर लगेच पॉवर बटण दाबू नका. आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो, तर विंडोजचा गाभा अजून जिवंत आहे. मग विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. बहुतेक मशीनवर एक बीप येतो, स्क्रीन लुकलुकते. चित्र परत आलं, तर निम्मं काम झालं: मशीन अडकलेलं नव्हतं, ग्राफिक्स अडकलं होतं. कॅप्स लॉकचा दिवाही हलला नाही, तर अडचण खोलवर आहे.

मशीन आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर निळी स्क्रीन येऊन गेल्याचं तुम्हाला कळतही नसेल. स्टार्टमध्ये ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या सेटिंग्ज उघडा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वरची खूण काढा. पुढच्या वेळी निळी स्क्रीन आलीच, तर ती थांबून राहील आणि तिचा फोटो काढता येईल.

आणि एक वही घ्या. तारीख, वेळ, कुठल्या ॲपमध्ये, कुठला व्हिडिओ, फुल स्क्रीन की खिडकीत, कितव्या मिनिटाला, त्या वेळी आणखी काय चालू होतं. शेवटचा रकाना फालतू वाटेल. माझा चोर त्याच रकान्याने पकडून दिला.

विंडोजने काय लिहून ठेवलंय ते वाचा

स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असं टाइप करा आणि ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. दिवसागणिक तक्ता दिसतो, लाल फुल्यांवर क्लिक केलं की तपशील. तिथे ‘लाइव्ह कर्नल इव्हेंट’ आणि सोबत १४१ किंवा ११७ असा कोड दिसला, तर ग्राफिक्स चिपने वेळेत उत्तर दिलं नाही, एवढं नक्की झालं. दोष चिपचा की ड्रायव्हरचा, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

मग ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून विंडोज लॉग्जमधल्या ‘सिस्टिम’वर जा आणि क्रॅशच्या वेळेच्या आसपासच्या नोंदी बघा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद जवळजवळ हमखास सापडते. नावात ‘पॉवर’ आहे म्हणून लोक थेट पॉवर सप्लाय बदलायला धावतात. या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर शटडाऊन झालं नव्हतं. कारण ती सांगत नाही. पण तिच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये ‘बगचेक कोड’, म्हणजे निळ्या स्क्रीनचाच कोड, असतो, तो नक्की बघा. तो दशमान पद्धतीत लिहिलेला असतो, म्हणून निळ्या स्क्रीनवरच्या कोडशी जुळत नाही. २७८ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर सावरला नाही. २९२ म्हणजे हार्डवेअरनेच तक्रार नोंदवली. २६ असेल तर मेमरीच्या व्यवस्थापनात गडबड, ३०७ असेल तर एखादा ड्रायव्हर फार वेळ अडून बसला. आणि शून्य म्हणजे विंडोजला निळी स्क्रीन दाखवण्याइतकीही फुरसत मिळाली नाही: एकतर वीज तुटली किंवा सगळं एका क्षणात गोठलं.

‘डिस्प्ले’ या नावाची ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे ड्रायव्हर गोठून परत आला. ‘व्हीआ-लॉगर’च्या (WHEA-Logger) नोंदी दिसल्या, तर तिथेच थांबून त्या नीट वाचा. प्रोसेसर, मेमरी किंवा पीसीआय एक्स्प्रेस मार्गावरच्या (ज्यावर ग्राफिक्स कार्डासारखे भाग जोडलेले असतात) हार्डवेअरच्या चुका तिथे उतरतात.

एक खूण लक्षात असू द्या. दर वेळी तोच कोड येत असेल, तर संशय एका ड्रायव्हरवर किंवा एका भागावर. दर वेळी वेगळा कोड येत असेल, तर आधी रॅम तपासा.

सगळ्यात उपयोगी प्रयोग: हार्डवेअर डिकोडिंग बंद करा

पाच मिनिटांचं काम आहे आणि तपासाचे सरळ दोन भाग पाडतं. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, आणि तिथली ‘यूज ग्राफिक्स ॲक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल’ ही सोय बंद करा. एजमध्येही सिस्टिमच्याच भागात तशीच सोय आहे. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या ‘जनरल’ पानावर ‘परफॉर्मन्स’ असा भाग आहे. तिथली शिफारस केलेल्या सेटिंग्जवरची खूण काढली की खाली हार्डवेअर ॲक्सिलरेशनची खूण दिसते, तीही काढा. व्हीएलसीमध्ये टूल्स, प्रेफरन्सेस, ‘इनपुट/कोडेक्स’, आणि हार्डवेअर डिकोडिंगसमोर ‘डिसेबल’. नंतर ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

बदल खरोखर लागू झाला का, हेही तपासा. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर, क्लिक केलं की ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा आलेख दिसतो (नाही दिसला, तर एखाद्या आलेखाच्या नावावर क्लिक करून यादीतून निवडा). व्हिडिओ चालू असताना तो शून्यावर झोपलेला असेल आणि प्रोसेसरचा वापर वाढलेला असेल, तर प्रयोग खरा.

आता थांबायचं. इथेच बहुतेक जण घाई करतात. क्रॅश साधारण २० मिनिटांनी होत असेल, तर तासभर शांततेत गेल्यावर काहीतरी म्हणता येईल. तीन दिवसांतून एकदा होत असेल, तर नऊ-दहा दिवस थांबावं लागेल. अधूनमधून होणाऱ्या दोषात एका रात्रीच्या शांततेवरून निष्कर्ष काढला, की पुढचा सगळा तपास चुकीच्या वाटेने जातो. आणि एका वेळी एकच बदल. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि क्रॅश थांबला, तर चारातली कुठली लागू पडली हे कधीच कळणार नाही.

क्रॅश थांबला, तर आपली कडी बहुधा डिकोडर किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर. मग ठरावीक कोडेकवरच होतं का ते बघा. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडलं, की व्हिडिओ एव्ही१, व्हीपी९ की एच.२६४ मधला आहे ते कळतं. एव्ही१ हा यातला नवा, २०१८ सालचा. तो हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय ग्राफिक्स चिपमध्ये साधारण २०२० पासून येऊ लागली. त्याआधीच्या मशीनवर हा भार प्रोसेसरवर पडतो, तो तापतो आणि मग क्रॅशचं कारण भलतंच निघतं.

क्रॅश थांबला नाही, तर ग्राफिक्सच्या मागे लागणं तूर्त सोडा. तोच व्हिडिओ दुसऱ्या ब्राउझरमध्ये, मग डिस्कवरची फाइल व्हीएलसीमध्ये, मग नुसतं ऑडिओ, असे वेगवेगळे तास द्या. फक्त एकाच ब्राउझरमध्ये होतं, तर त्याची एक्स्टेन्शन्स बंद करून बघा. नुसत्या ऑडिओवरही होतं, तर चित्राचा संबंधच नाही, आवाजाचा ड्रायव्हर बघा. आवाजाकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टमधून आवाज नेणारा ड्रायव्हर ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सोबतच बसवला जातो. मॉनिटरच्या स्पीकरवर ऐकत नसाल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून तो डिसेबल करून पाहायला काहीच हरकत नाही.

ड्रायव्हर: नवा म्हणजे चांगला असं नाही

क्रॅश एखाद्या अपडेटनंतर सुरू झाले असतील, तर पुढे जाण्याऐवजी मागे या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असतं. ते बटण मंद दिसत असेल, तर स्वच्छ पुनर्स्थापना करा. आधी हवा तो ड्रायव्हर उतरवून ठेवा. लॅपटॉप असेल तर निर्मात्याच्या सपोर्ट पानावरचा घ्या. मग इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. सेफ मोडमध्ये (यात विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर सुरू होतं) जाऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे मोफत साधन चालवा, जुने अवशेष पुसा, रीस्टार्ट करा, आणि फक्त ड्रायव्हर बसवा. सोबत येणारी रेकॉर्डिंगची, ओव्हरलेची, ‘अनुभव सुधारणारी’ साधनं तपास संपेपर्यंत नकोत.

एक इशारा: डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर सेफ मोडला जाण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की हाताशी ठेवा.

दोन मॉनिटर असतील आणि एक ६० हर्ट्झ, दुसरा १४४ हर्ट्झ असेल, तर काही दिवस एकाच मॉनिटरवर बघा. केबल बदलून बघा. एचडीआर (स्क्रीनवर जास्त उजळ आणि गडद रंग दाखवण्याची सोय) बंद करून बघा. सगळे छोटे प्रयोग आहेत, पण काळ्या स्क्रीनच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

उष्णता

‘एचडब्ल्यू-इन्फो’ हे मोफत साधन चालवा आणि त्यातली लॉगिंगची सोय चालू करून तापमानं फाइलमध्ये उतरू द्या. क्रॅशनंतर ती फाइल उघडून शेवटच्या ओळी वाचा. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचलेला असेल, तर कारण शोधायला लांब जायची गरज नाही. तो ६० वर निवांत असताना मशीन बंद पडलं असेल, तर प्रोसेसरच्या उष्णतेवरचा संशय सोडून द्या.

व्हिडिओ चालू असताना ग्राफिक्स कार्डचे पंखे थांबलेले दिसले, तर घाबरू नका. कमी भारात पंखे पूर्ण थांबवणं ही बऱ्याच कार्डांची मुद्दाम ठेवलेली सोय आहे. तरी संशय असेल, तर कार्डाच्या सॉफ्टवेअरमधून पंखा ४० टक्क्यांवर कायम ठेवून दोन दिवस बघा. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून व्हिडिओ बघण्याची सवय असेल, तर खालची जाळी बंद होते. तो टेबलावर ठेवून बघणं हा सगळ्यात स्वस्त प्रयोग.

रॅम

बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाचं प्रोफाइल चालू असेल, तर रॅम तिच्या मूळ प्रमाणित वेगापेक्षा जोरात धावते आहे. ते बंद करा आणि बघा. त्यानेच क्रॅश थांबले, तर रॅम फेकायची गरज नाही, वेग एक पायरी कमी ठेवला तरी पुरतं. नाही थांबले, तर पेनड्राइव्हवर ‘मेमटेस्ट८६’ घ्या, त्यावरून मशीन सुरू करा आणि रात्रभर चार फेऱ्या होऊ द्या. एकसुद्धा चूक दिसली, तर ती चूकच. ‘एवढी चालते’ असं रॅममध्ये नसतं. मग एकेक पट्टी काढून कुठली दोषी ते ठरवा.

ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असेल, वेगळं कार्ड नसेल, तर ही तपासणी वर घ्या. अशा मशीनमध्ये ग्राफिक्स मुख्य रॅममधलाच वाटा वापरतं, त्यामुळे रॅमचा दोष व्हिडिओचा दोष म्हणून समोर येतो.

पॉवर, आणि माझी फसगत

माझं मशीन व्हिडिओच्या मध्येच थिजायचं. बगचेक कोड शून्य. निळी स्क्रीन नाही, तापमान उत्तम, मेमटेस्ट स्वच्छ. ड्रायव्हर तीनदा बदलले, मग कंटाळून नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. दुसऱ्याच दिवशी नव्या कार्डावर तोच ‘ट्र्र्र्र’. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

एका रात्री मागे मोठ्या फोल्डरचं झिप लावून दोन तासांचं व्याख्यान पाहिलं. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी झिप नव्हतं आणि २२व्या मिनिटाला मशीन थिजलं. वही चाळली, तर आधीच्या पाचही नोंदींत ‘आणखी काय चालू होतं’ या रकान्यात एकच शब्द: काही नाही. म्हणजे मशीनवर भार असला की ते ठीक, आणि भार उतरला की पडायचं. नेमकं उलटं!

प्रोसेसरला काम नसलं की तो खोल झोपेत जातो. या झोपेच्या पायऱ्यांना बायोसमध्ये ‘सी-स्टेट्स’ म्हणतात. तेव्हा तो इतका कमी करंट ओढतो, की काही जुन्या पॉवर सप्लायना एवढ्या कमी भारावर व्होल्टेज स्थिर ठेवणं जमत नाही. माझा पॉवर सप्लाय आधीच्या मशीनमधून काढून बसवलेला होता. बायोसमधून सी-स्टेट्स बंद केल्या: दोन आठवडे एकही क्रॅश नाही. पुन्हा चालू केल्या: त्याच संध्याकाळी क्रॅश. मग पॉवर सप्लाय बदलला, सी-स्टेट्स चालू ठेवल्या, आणि प्रकरण मिटलं. जुनं ग्राफिक्स कार्ड तोवर विकून झालं होतं.

तेव्हा हा प्रयोग जरूर करा. व्हिडिओ बघताना मागे प्रोसेसरला मध्यम काम द्या. क्रॅश नाहीसा झाला, तर झोपेच्या पायऱ्यांकडे वळा. एएमडीच्या प्रोसेसरसाठीच्या बऱ्याच मदरबोर्डांवर ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ अशी सोय असते, ती ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवली की सी-स्टेट्स सरसकट बंद न करताही हा त्रास टळू शकतो. विंडोजच्या प्रगत पॉवर ऑप्शन्समध्ये ‘पीसीआय एक्स्प्रेस’खाली ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ असतं, तेही ‘ऑफ’ करून पाहा. प्रोसेसर किंवा कार्डाचं व्होल्टेज कधी हाताने कमी केलं असेल, तर ते आधी मूळ जागी आणा. असं मशीन पूर्ण भाराच्या परीक्षेत पास होतं आणि कमी भारावर नापास, हे मी पाहिलं आहे.

उरलेलं

फक्त डिस्कवरच्या फाइलींवर क्रॅश होत असेल आणि ऑनलाइन व्हिडिओ सुरळीत चालत असतील, तर ‘क्रिस्टलडिस्क-इन्फो’ने डिस्कची प्रकृती बघा आणि काही करण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची कॉपी काढून ठेवा. एकाच फाइलवर, एकाच सेकंदाला अडकत असेल, तर ती फाइलच खराब आहे.

एवढं करूनही संशय ग्राफिक्स कार्डावरच येत असेल, तर विकत घेण्याआधी एक करा. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल, तर कार्ड काढून ठेवा, मॉनिटर मदरबोर्डला जोडा आणि नेहमीच्या क्रॅशच्या तिप्पट काळ वाट पाहा. तरीही पडलं, तर कार्ड निर्दोष. नाही पडलं, तर ते कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये बसवून तिथेही पडतं का ते बघा, कारण कार्ड काढल्यावर पॉवर सप्लायवरचा भारही बदललेला असतो.

कारण सापडलं, की वही पुन्हा उघडा आणि तपासात बंद केलेल्या बाकीच्या गोष्टी एकेक करून चालू करा: हार्डवेअर डिकोडिंग, एक्सएमपी, दुसरा मॉनिटर, एचडीआर. प्रत्येकीनंतर एक-दोन दिवस जाऊ द्या. लॅपटॉपवर हार्डवेअर डिकोडिंग तसंच बंद राहून गेलं, तर बॅटरी लवकर का उतरते याचा शोध महिनाभराने नव्याने सुरू करावा लागतो.